नकाराचीही नोंद असावी

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



आपल्या खात्याकडे रोज येणाऱ्या शेकडो अर्जांत आणखी एकाची भर घालावी, या हेतूने हे पत्र लिहिलेले नाही. अर्जाला आवक क्रमांक मिळतो, तो संबंधित शाखेकडे रवाना होतो आणि शाखेच्या मर्यादेत त्याचा निकाल लागतो. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते कोणत्याही एका शाखेत मावणारे नाही, आणि ज्यांच्या पोटासाठी हे खाते उभे आहे त्या लोकांच्या समक्षच ते आपल्यापुढे मांडावे, असे वाटल्यामुळे या खुल्या पत्राचा मार्ग पत्करला आहे. मी कोणत्याही पक्षाचा वा संघटनेचा पदाधिकारी नाही. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी तेहतीस वर्षे अध्यापन करून निवृत्त झालेला मी एक शिक्षक आहे; ज्या मुलांना शिकविले त्यांच्या आईवडिलांना आलेले कागद वाचून दाखविणे, त्यांचे अर्ज लिहून देणे आणि प्रसंगी त्यांच्यासोबत कचेरीची पायरी चढणे, हा निवृत्तीनंतरचा माझा नित्यक्रम होऊन बसला आहे.

१९७२ साली मी अकरा वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्या शिवारात ज्वारीचे ताट गुडघ्यापर्यंतही वाढले नाही. वडील आणि थोरला भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात आणि कामावर मिळालेली सुकडी उपरण्याच्या टोकाला बांधून आम्हां धाकट्यांसाठी घेऊन येत. घरात धान्य म्हणून जे येई ते स्वस्त धान्य दुकानातून, आणि त्यात बहुधा अमेरिकेहून आलेले तांबडे मिलो असे. त्याच्या भाकरीला थापतानाच काठाशी चिरा जात, आणि आई त्या चिरा ओल्या बोटाने लिंपीत राही. त्या मिलोची नालस्ती पुढे पुष्कळांनी केली, ती अवाजवी होती असेही नाही. तथापि त्या वर्षी गाव उठून गेले नाही, आमच्या आळीतले कोणी अन्नावाचून दगावले नाही, आणि आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांना गुंडाळलेल्या फडक्यातच शिधापत्रिकेलाही जागा मिळाली, ही गोष्ट मी कधी विसरू शकलेलो नाही. आपल्या खात्याविषयी पुढे जे लिहिणार आहे ते त्या ऋणाच्या जाणिवेनेच लिहीत आहे, एवढे आरंभीच नमूद करतो.

या व्यवस्थेचा पूर्वेतिहास आमच्या दुष्काळाहूनही जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ज्या १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नान्न करीत मेली, त्याच साली मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. कापडगिरणीतला कामगार आणि मलबार हिलवरचा धनिक या दोघांनाही एकाच मापाने धान्य घ्यावे लागेल, ही कल्पना त्या काळी केवळ प्रशासकीय सोय नव्हती, तर टंचाईचे ओझे सर्वांनी वाटून घ्यावे या नीतितत्त्वाचा तो राज्यकारभारात झालेला प्रवेश होता. पुढे १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा झाला, १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, १९९७ च्या जूनपासून सर्वांसाठी असलेली व्यवस्था लक्ष्यनिर्धारित झाली, आणि १९९९ मध्ये महाराष्ट्राने आपल्या रयतेला पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा तीन रंगांच्या पत्रिकांत विभागले. माप एकच असण्याच्या काळातून माणसे निवडण्याच्या काळात आपण असे आलो. आणि निवड म्हटली की जे निवडले गेले नाहीत त्यांचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित राहिला आहे.

आज या खात्याचा व्याप किती प्रचंड आहे, याची सामान्य नागरिकाला कल्पना नसते. परप्रांतीच्या मंडईत खरेदी झालेला गहू रेल्वेने मनमाडसारख्या ठिकाणच्या अन्न महामंडळाच्या कोठारांत येतो, तेथून तालुक्याच्या शासकीय गोदामात, आणि गोदामातून द्वारपोच योजनेच्या वाहनाने गावच्या रास्त भाव दुकानात. जिल्ह्याचे नियतन, तालुक्याचे नियतन, दुकानाचे नियतन, गोदामपालाची साठा नोंदवही, दुकानदाराची पोच, आणि अखेरीस शिधापत्रिकाधारकाचा ई-पॉस यंत्रावरचा अंगठा, अशी ही साखळी राज्यातल्या पन्नास हजारांहून अधिक दुकानांपर्यंत दर महिन्याला नव्याने जोडली जाते. दुकानातून रात्री काळ्या बाजाराकडे वळणारे पोते, मयत माणसांच्या नावावर उचलले जाणारे धान्य आणि कधीच अस्तित्वात नसलेल्या कुटुंबांच्या पत्रिका या गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत. म्हणूनच, दिलेल्या प्रत्येक किलोची आज वेळ-तारखेनिशी रुजुवात घालता येते, हे या खात्याने मिळविलेले यश मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

माझी तक्रार त्या रुजुवातीच्या दुसऱ्या बाजूविषयी आहे. जे दिले त्याची नोंद कणाकणाने होते; जे दिले नाही त्याची नोंद कोठेही होत नाही.

गेल्या हिवाळ्यातली एक हकीकत सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याची आई, सत्तरी ओलांडलेली, दोन लहान नातवंडांना घेऊन घरी होती. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती. पत्रिकेवर पाच नावे, प्राधान्य कुटुंब, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो धान्य. म्हातारीचा सारा जन्म खुरपणीत, कापूस वेचण्यात आणि भांडी घासण्यात गेलेला. बोटांवरच्या रेषा झिजून सपाट झालेल्या. दुकानदाराने अंगठा लावून पाहिला, मग एकेक करून दहाही बोटे लावून पाहिली, बोटे पुसून, तेल लावून पाहिली. यंत्राने एकही बोट मानले नाही. मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक ज्या दूरध्वनीवर जावयाचा तो मुलाने केव्हाच बदललेला. दुकानदार भला माणूस, तो म्हणाला, "मावशी, उद्या या, उद्या पुन्हा लावून बघू." दुसऱ्या दिवशी रेंज नव्हती. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच. चौथ्या खेपेला महिना उलटून गेला होता आणि मागील महिन्याचे धान्य यंत्रावर दिसेनासे झाले होते. मी तिच्यासोबत तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने सौजन्याने पडदा पाहिला आणि सांगितले की, त्या महिन्यात या पत्रिकेवर "उचल नाही" एवढेच दिसते. परत येताना एसटीच्या थांब्यावर रिकाम्या पिशवीची घडी मांडीवर ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, मी तीन खेपा आले, हे कुठं लिहिलंय का?"

मंत्रिमहोदय, तिच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि तेच मागण्यासाठी हे पत्र आहे.

या प्रकरणात कोणी लाच मागितली नाही, कोणी धान्य चोरले नाही, कोणी उर्मटपणे बोलले नाही. प्रत्येकाने आपापले काम शिरस्त्याप्रमाणे केले आणि तरीही पंचवीस किलो धान्य ज्या घरात जावयास हवे होते तेथे गेले नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, दफ्तराच्या दृष्टीने तेथे काही घडलेच नाही. "उचल नाही" या दोन शब्दांत गरज नसल्यामुळे न आलेला सुस्थित मनुष्य आणि तीन वेळा येऊन रित्या हाताने परतलेली म्हातारी ही दोन्ही सारखीच बसतात. महिन्याच्या अखेरीस जिल्ह्याच्या उचलीचे प्रमाण काढले जाते तेव्हा ती दोघे एकाच आकड्यात विरून जातात, आणि सलग काही महिने उचल झाली नाही म्हणजे ही पत्रिका बनावट असावी किंवा या कुटुंबाला धान्याची निकड नसावी, असा संशय घ्यावयास तोच आकडा आधार होतो. ज्या नोंदीने तिला दाद मिळावयाची, तिचा अभावच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

शिधा हा आपल्या भाषेतला फार जुना आणि सात्त्विक शब्द आहे. वारकऱ्याला, अतिथीला, दारी आलेल्या भिक्षेकऱ्याला गृहिणी कोरडा शिधा देई. तो देणे हा तिचा धर्म होता, पण मागणाऱ्याचा तो अधिकार नव्हता, आणि न मिळाल्यास त्याने जाब विचारावा अशी पद्धतही नव्हती. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने या शब्दाचा अर्थ पालटला. महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून या कायद्याचा अंमल सुरू झाला, तेव्हापासून प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचे पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाचे पस्तीस किलो धान्य ही खैरात राहिली नसून तो विधिमान्य हक्क झाला. २०२३ च्या जानेवारीपासून त्याचे मूल्यही माफ झाले. त्याच कायद्याच्या आठव्या कलमाने, हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता देण्याचे दायित्व राज्यावर टाकले आहे. परंतु भत्ता मागावयाचा तर आपण धान्य घ्यावयास गेलो होतो आणि ते मिळाले नाही, हे हक्कदाराने दाखवावे लागणार; आणि ते दाखविण्यासाठी तिच्या हाती आपण कोणता दस्तऐवज देता? केवळ आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणावरून कोणासही धान्य नाकारू नये, असे केंद्र शासनाने २०१७ सालीच सर्व राज्यांना लेखी कळविलेले आहे. तो आदेश माझ्या माहितीत आहे, कचेरीतल्या कारकुनाच्याही माहितीत आहे. पण नाकारल्याची नोंदच जेथे होत नाही तेथे त्या आदेशाचा भंग किती वेळा झाला, हे आपण तरी कसे सांगणार?

हाच न्याय पत्रिकेवर नाव चढण्यालाही लागू पडतो. तालुक्याच्या पुरवठा शाखेत नवविवाहित सुनेचे वा नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे नाव घेऊन जाणाऱ्यांना जे उत्तर वारंवार ऐकावयास मिळते ते असे: "इष्टांक शिल्लक नाही." इष्टांक म्हणजे राज्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. २०११ च्या जनगणनेवरून, ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि नागरी भागातील ४५.३४ टक्के लोक धरून, महाराष्ट्राचा इष्टांक ७ कोटी १६ हजार ठरला. त्यानंतरची जनगणना आता कोठे २०२७ साली व्हावयाची आहे. मधल्या काळात मुले जन्मली, गावातली माणसे शहरांच्या वस्त्यांत येऊन राहिली, कोणाचा रोजगार गेला, कोणाचा कर्ता पुरुष गेला. संख्या मात्र तेथेच खिळून राहिली. परिणाम असा की, एकाचे नाव कमी झाल्याखेरीज दुसऱ्याचे चढत नाही आणि गरीब माणूस शासनाकडे पाहण्याऐवजी शेजाऱ्याच्या पत्रिकेकडे पाहू लागतो. हा आकडा केंद्राने ठरविलेला आहे आणि त्यात बदल करणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे मी जाणतो. पण ज्यांना इष्टांकाअभावी परत पाठविले त्यांची नावनिशीवार यादी आपल्यापाशी असती, तर दिल्लीदरबारी राज्याची बाजू मांडताना आपल्या हातात केवळ विनंती राहिली नसती, तो पुरावा झाला असता. आज त्या लोकांना तोंडी उत्तर मिळते; तोंडी उत्तराला जावक क्रमांक नसतो.

उत्पन्नाची मर्यादाही अशीच काळाच्या मागे राहिली आहे. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि नागरी भागात ५९,००० रुपये वार्षिक उत्पन्न, ही मर्यादा कायद्याच्या अंमलापूर्वी, २०१३ च्या अखेरीस ठरली. आता शासनाच्याच एका दुसऱ्या दराशी तिची तुलना करून पाहावी. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये झाली. कुटुंबातल्या एकाच माणसाने या दराने काम केले, तर १४२ व्या दिवशी त्या कुटुंबाचे उत्पन्न ४४,००० च्या पुढे जाते. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळातून मागेल त्याला कामाची हमी देणारी योजना उभी केली आणि पुढे कायदा करून ती देशाला दाखविली, त्याच राज्यात सरकारी खडी फोडणारा मजूर वर्षाचे पाच महिनेही पुरते न भरता अन्नसुरक्षेच्या दृष्टीने सधन ठरावा, हे दोन फर्मानांमधले अंतर कोणीतरी बसून मिटविले पाहिजे. तोवर घडते ते असे की, तलाठ्याच्या दाखल्यावर खरे उत्पन्न लिहिणारा बाहेर राहतो. आणि प्रामाणिकपणाची किंमत धान्यात मोजावयास लावणारा नियम लोकांना काय शिकवितो, याचा विचार एका जुन्या शिक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

राज्याने स्वतःच्या तिजोरीतून पुढे पाऊल टाकू नये, असेही नाही. ते पूर्वी टाकलेले आहे. २०१५ साली मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य देण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये त्या धान्याच्या जागी माणशी दरमहा १५० रुपये आले, पुढे ते १७० झाले. रोख रकमेच्या गुणदोषांची चर्चा येथे करीत नाही; एवढेच म्हणतो की, ज्या घरांत धान्याच्या पोत्याऐवजी बँकेच्या खात्यात आकडा आला, त्यांपैकी किती घरांत तो आकडा पोहोचलाच नाही, याचीही नोंद मला कोठे आढळली नाही.

आणखी एका वर्गाविषयी लिहिले पाहिजे. "एक देश, एक शिधापत्रिका" ही योजना २०१९ च्या ऑगस्टमध्ये देशात ज्या पहिल्या दोन जोड्यांतून सुरू झाली त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात यांची जोडी होती, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट आहे. नियमाने पाहता, बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीच्या फडावर राहूनही तेथल्या दुकानातून आपल्या हक्काचे धान्य घेऊ शकतो. परंतु मुकादमाकडून घेतलेल्या उचलीखाली दबलेला आणि कोपीतून पहाटे अंधारात कोयता घेऊन निघालेला मजूर दुकान उघडे असण्याच्या वेळी फडात असतो. आणि परक्या गावच्या दुकानदाराला आपल्याच गावापुरते धान्य आलेले असल्यामुळे तोही "तुमच्या गावी घ्या" असे सांगून मोकळा होतो. गावी म्हातारी, तिची झिजलेली बोटे आणि तेच यंत्र. हक्क देशभर फिरता झाला, हे खरे. पण त्याला नकार देण्याची मुभाही देशभर फिरती झाली, आणि त्या नकाराचा माग घेणारे कोणी नेमले गेले नाही.

हे लिहिताना दुकानदारावर दोष ढकलावा, असे मला वाटत नाही. क्विंटलमागे १५० रुपये मिळणारे त्याचे कमिशन २०२५ मध्ये १७० रुपये झाले; महिन्याला ऐंशी क्विंटल धान्य वाटणाऱ्या दुकानदाराच्या हाती त्यातून १३,६०० रुपये येतात, आणि जागेचे भाडे, वीज, हमाल, पोत्यातली घट हे सारे त्यातच बसवावयाचे असते. यंत्राने नाकारलेल्या माणसाला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर धान्य दिले तर तपासणीच्या वेळी साठा जुळत नाही, आणि जाब त्यालाच द्यावा लागतो. तीच गत एका निरीक्षकाच्या माथी अनेक गावे मारलेल्या पुरवठा शाखेची. माणसांना दया दाखविण्याची सोय नियमात ठेवली नाही म्हणजे दयाळू माणसेही "उद्या या" म्हणू लागतात.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. शिधापत्रिकाधारक दुकानात आला आणि कोणत्याही कारणाने त्याला धान्य मिळाले नाही, तर त्या क्षणी त्याच्या हाती छापील पावती पडावी: तारीख, पत्रिकेचा क्रमांक, देय धान्य आणि न देण्याचे कारण. जे यंत्र दिल्याची पावती छापते, त्याला न दिल्याची पावती छापणे अवघड नाही. त्या पावतीच्या आधारे ते धान्य पुढील महिन्यातही मिळावे, आणि तेव्हाही न मिळाल्यास भत्त्याचा विचार अर्जाची वाट न पाहता व्हावा. अंगठा न जुळणाऱ्या वृद्धांची आणि अपंगांची यादी प्रत्येक दुकानात असावी, आणि त्यांच्या बाबतीत दक्षता समितीच्या एका सदस्याच्या साक्षीने, नोंदवहीत सही घेऊन धान्य देण्याची मुभा दुकानदाराला असावी. इष्टांकाअभावी थांबलेल्यांची प्रतीक्षायादी अनुक्रमे ग्रामसभेत वाचली जावी. कोणाचेही नाव कमी करण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या दारापर्यंत जावे, त्याने घर पाहावे, शेजाऱ्यांना विचारावे आणि आपल्या सहीने कारण लिहावे. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात "उचल किती" या रकान्याशेजारीच "नकार किती" हा रकाना असावा. त्यातला आकडा पहिल्या काही महिन्यांत फुगलेला दिसेल आणि विरोधक त्यावरून आपल्याला धारेवर धरतील. तरीही तो प्रसिद्ध करण्याचे धैर्य आपण दाखवावे, कारण लपविलेला आकडा कमी करण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

आमच्या लहानपणी गावच्या दुकानदारापाशी एक जाडजूड वही असे. धान्याची गाडी आली नाही किंवा पोती अपुरी पडली तर तो उरलेल्यांची नावे त्या वहीत पेन्सिलीने टिपून ठेवी, आणि पुढली गाडी आली की प्रथम त्या नावांना हाक मारी. त्या वहीला कायद्याचे पाठबळ नव्हते आणि तिच्यात लबाडीलाही पुष्कळ वाव होता; परंतु रिकाम्या हाताने परतताना माझ्या आईला एवढे ठाऊक असे की, आपण आलो होतो हे कोठेतरी लिहिलेले आहे. त्या पेन्सिलीच्या वहीची जागा घेतलेल्या यंत्राला आजवर जे शिकविले गेले नाही ते आता शिकविण्याचा अधिकार आपल्यापाशी आहे. येत्या हंगामात मुलगा आणि सून पुन्हा फडावर जातील, आणि महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ती म्हातारी आपली पिशवी घेऊन पुन्हा दुकानाची पायरी चढेल. तेव्हा ती आली होती, हे कोठेतरी लिहिले जावे.



आपला विश्वासू,
मराठवाड्यातील एक निवृत्त शिक्षक